कारागृहातील व्यवसाय प्रशिक्षण आणि शिकवणाऱ्यांची तयारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर मध्यवर्ती कारागृह १८६४ सालापासून कार्यरत आहे आणि आज ते ऐन शहरात, वर्धा मार्गालगत आहे. तिथल्या बंद्यांना काय शिकवले जाते, कोण शिकवते आणि त्या शिक्षणाचा सुटकेनंतर काही उपयोग होतो का, हे प्रश्न औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षक, बंद्यांचे नातेवाईक, समाजकार्याचे विद्यार्थी आणि बुटीबोरी-हिंगण्याचे लहान कारखानदार वारंवार विचारतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे दीर्घ आहेत, कारण तो विषयच दोन ओळींत सांगण्यासारखा नाही.

कारागृहात बंद्यांना काम दिलेच जाते. मग वेगळे प्रशिक्षण कशासाठी?

काम करून घेणे आणि काम शिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या विषयातील बहुतेक गोंधळ त्या एकच समजल्यामुळे होतो. कारागृहाचा कारखाना विभाग मुळात उत्पादनासाठी उभा असतो. शासकीय कार्यालयांची टेबले, गणवेश, चादरी, सतरंज्या यांची मागणी येते, ती ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची असते आणि त्यासाठी माणसे नेमली जातात. अशा वेळी ज्याचा हात ज्या कामावर बसला आहे, त्याला त्याच कामावर ठेवणे व्यवस्थापनाला सोयीचे जाते. शिवण विभागात एखादा बंदी तीन वर्षे फक्त काज-बटण करत राहतो. तो त्यात तरबेज होतो, परंतु माप घेणे, कापड बेतणे, कटिंग करणे यांतले काहीही त्याला येत नाही. बाहेर आल्यावर तो स्वतःला शिंपी म्हणवू शकत नाही.

प्रशिक्षणात हा क्रम उलटा असतो. तेथे मालापेक्षा शिकणारा महत्त्वाचा असतो, त्यामुळे त्याने बिघडवलेले लाकूड किंवा वाया घालवलेले कापड हा शिकण्याचा खर्च म्हणून धरला जातो आणि त्याला सोप्या कामाकडून अवघड कामाकडे ठरवून नेले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १७ डिसेंबर २०१५ रोजी स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांतील (बंद्यांना कसे वागवावे याचे किमान निकष) नियम ९९ हेच सांगतो की, कारागृहातील उद्योगातून नफा मिळवण्याच्या हेतूपुढे बंद्यांचे हित आणि त्यांचे व्यवसाय प्रशिक्षण दुय्यम ठरता कामा नये. माझ्या मते कोणत्याही कारागृहातील प्रशिक्षणाची पारख करताना हाच प्रश्न पहिल्यांदा विचारावा : मागणी तुंबली की येथे वर्ग बंद पडतो, की चालू राहतो?

याला कायद्याचा आधार कोणता?

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार कारागृहे हा राज्यांचा विषय आहे. त्यामुळे नियम, पदे आणि पैसा या तिन्ही बाबी मुख्यतः राज्य शासनाच्या हाती असतात. १८९४ च्या कारागृह अधिनियमात श्रमांविषयी तरतुदी आहेत. श्रमाची शिक्षा असलेल्या बंद्याकडून तातडीचा प्रसंग वगळता दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही आणि साध्या कारावासातील बंद्याला त्याची इच्छा असेल तर काम उपलब्ध करून द्यावे, असे तो कायदा सांगतो. मात्र त्या कायद्याची दृष्टी कोंडून ठेवण्याची आणि राबवून घेण्याची आहे. शिकवण्याचा विचार त्यात फारसा नाही. न्यायमूर्ती ए. एन. मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने (१९८० ते १९८३) देशभरातील कारागृहांचा सविस्तर आढावा घेऊन सुधारणा सुचवल्या, तेव्हापासून या चर्चेला निश्चित दिशा मिळाली. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत व्यवसाय प्रशिक्षण आणि कौशल्यविकास यांना स्वतंत्र स्थान आहे, आणि २०२३ मध्ये केंद्राने राज्यांसमोर आदर्श कारागृहे व सुधारसेवा अधिनियमाचा मसुदाही ठेवला. हे दोन्ही दस्तऐवज मार्गदर्शक आहेत. ते लागू करण्याचा निर्णय राज्याचा असतो.

खटला चालू असलेल्या, म्हणजे कच्च्या कैद्याला प्रशिक्षण घेता येते का?

घेता येते, पण त्याच्यावर सक्ती करता येत नाही. ज्याचा गुन्हा सिद्ध झालेला नाही त्याला कामाची संधी नेहमी द्यावी, त्याला काम करायला भाग पाडू नये आणि त्याने स्वेच्छेने काम केले तर त्याचा मोबदला द्यावा, असे मंडेला नियमांचा नियम ११६ सांगतो.

या प्रश्नाचे महत्त्व आकड्यांवरून कळते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या कारागृह सांख्यिकीनुसार देशातील सुमारे ७६ टक्के बंदी न्यायाधीन, म्हणजे कच्चे कैदी होते. म्हणजे प्रशिक्षण केवळ शिक्षा झालेल्यांसाठी आखले, तर कारागृहातील दर चार माणसांपैकी तिघांचा विचारच होत नाही.

अडचण अशी की, न्यायाधीन बंदी किती दिवस राहील हे कोणालाच ठाऊक नसते. आज वर्गात बसलेल्या माणसाला उद्या जामीन मिळेल, परवा त्याची न्यायालयात तारीख असेल किंवा त्याला दुसऱ्या कारागृहात हलवले जाईल. वर्षभराचा अभ्यासक्रम अशा माणसाच्या उपयोगाचा नाही. त्याच्यासाठी तीस ते साठ तासांचे, स्वतंत्रपणे पूर्ण होणारे आणि प्रत्येकाची वेगळी नोंद राहणारे छोटे घटक हवेत. घरगुती वायरिंगची दुरुस्ती हा एक घटक, पंख्याची मोटर दुरुस्त करणे हा दुसरा, पंपाची जोडणी हा तिसरा. तारखेमुळे चार दिवस बुडाले तरी शिकलेले तीन घटक वाया जाऊ नयेत आणि चौथा जिथे सुटला तिथून पुढे चालू व्हावा. अशी नोंद ठेवणे कंटाळवाणे काम आहे हे मान्य, परंतु न्यायाधीन बंद्यांचे प्रशिक्षण टिकते ते या वहीवरच.

नागपुरात कोणते व्यवसाय शिकवणे उपयोगाचे ठरेल?

सुतारकाम, विणकाम, शिवणकाम, धुलाई आणि शेती ही महाराष्ट्राच्या कारागृहांतील जुनी कामे आहेत. ती टाकाऊ नाहीत. चांगल्या सुताराला नागपुरात आजही काम मिळते. परंतु ज्या व्यवसायाचे यंत्र आपल्याकडे आहे तोच शिकवायचा, अशी निवड होत राहिली तर सुटून आलेल्या माणसाला बाजारात त्याचे गिऱ्हाईक सापडत नाही. हातमागाचे उदाहरण घ्यावे. नागपूरच्या विणकरांच्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या माग चालले, आणि आता त्याच घरांतील मुले दुसऱ्या कामांकडे वळली आहेत. जे काम अनुभवी विणकर कुटुंबाचे पोट भरू शकत नाही, तेच काम एकट्याने, भांडवलाविना, सुटकेनंतर सुरू करावे अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

विदर्भाच्या उन्हाकडे पाहिले तर दुसरी शक्यता दिसते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या शहरात मार्चपासून प्रत्येक मोहल्ल्यात कूलर बाहेर निघतात आणि खस बदलणे, पंप बसवणे, मोटर रिवाइंड करणे, गंजलेला पत्रा बदलणे या कामांना माणूस मिळत नाही. हे काम शिकायला थोडा काळ लागतो, अवजारे थोडी लागतात, आणि ते घराच्या अंगणातून सुरू करता येते. पावसाळ्यानंतर तोच माणूस घरगुती पंप आणि पंख्यांची दुरुस्ती करू शकतो. वेल्डिंग, प्लंबिंग, फरशी बसवणे, दुचाकी दुरुस्ती आणि स्वयंपाकघरातील काम यांनाही येथे सतत मागणी असते. हिंगणा, बुटीबोरी आणि कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतींत वेल्डर आणि फिटर लागतातच. ग्रामीण भागातून आलेल्या बंद्यांसाठी मात्र शेळीपालन, पंपदुरुस्ती किंवा संत्रा-मोसंबीच्या बागेची निगा यांचा विचार आधी व्हावा, कारण त्यांना शहरात नव्हे तर गावात परतायचे असते. कोण कुठे परतणार आहे हे विचारल्याशिवाय व्यवसाय ठरवू नये, एवढे पथ्य पाळले तरी निवड पुष्कळ सुधारते.

शिकवणारे कोण असतात?

महाराष्ट्र कारागृह विभागात यासाठी स्वतंत्र तांत्रिक पदे आहेत. सुतारकाम निदेशक, विणकाम निदेशक, शिवणकाम निदेशक, लोहारकाम निदेशक, बेकरी निदेशक, चर्मकला निदेशक, तसेच ताणाकार (मागाचा ताणा लावणारा), कातारी (कातकाम करणारा), करवत्या (लाकूड कापणारा) आणि जोडारी (फिटर) ही त्यांची नावे आहेत. साक्षरता आणि शालेय शिक्षणासाठी शिक्षकाचे पद असते. यांखेरीज औद्योगिक प्रशिक्षण संस्था, जन शिक्षण संस्थान आणि स्वयंसेवी संस्थांचे प्रशिक्षक अल्पमुदतीच्या वर्गांसाठी बाहेरून येऊ शकतात. पुढील शिक्षणासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हे मार्ग आहेत, आणि दोन्हींची विभागीय केंद्रे नागपुरात आहेत.

नियमित पदे आणि बाहेरचे प्रशिक्षक यांपैकी कोण बरे, असाही प्रश्न येतो. नॉर्वेत शाळा, ग्रंथालय, आरोग्य या सेवा कारागृह स्वतः चालवत नाही; बाहेरच्या समाजाला त्या पुरवणाऱ्या यंत्रणाच त्या कारागृहात नेतात. त्यामुळे शिक्षक हा शिक्षण खात्याचाच राहतो आणि सुटकेनंतर बंद्याला त्याच व्यवस्थेत पुढे जाता येते. या रचनेचे आकर्षण मला नाकारता येत नाही. तरीही आपल्याकडे बाहेरच्या प्रशिक्षकांचा करार संपला की वर्ग संपतो, हा धोका आहे. मंडेला नियमांचा नियम ७८ समाजकार्यकर्ते, शिक्षक आणि व्यवसाय निदेशक यांच्या सेवा कायमस्वरूपी असाव्यात असे म्हणतो आणि अंशकालीन व स्वयंसेवी मदतीलाही वाव ठेवतो. आपल्यासाठी तोच मार्ग व्यवहार्य आहे : कणा नियमित निदेशकांचा, आणि नव्या व्यवसायांसाठी बाहेरचे हात.

आयटीआयत वीस वर्षे शिकवलेल्या शिल्पनिदेशकाला कारागृहात शिकवण्यासाठी वेगळी तयारी कशाला लागते?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि त्यामागे अनुभवी माणसाचा रास्त अभिमान असतो. आपला विषय त्याला उत्तम येतो यात शंका नाही. केंद्रीय प्रशिक्षण महासंचालनालयाचा एक वर्षाचा शिल्पनिदेशक प्रशिक्षण अभ्यासक्रम त्याने केला असेल, तर धड्याची आखणी, प्रात्यक्षिक आणि मूल्यमापन यांची शिस्तही त्याच्याकडे असते. परंतु कारागृहात त्याच्यासमोर बसलेला वर्ग वेगळा असतो.

त्या वर्गात एकोणीस वर्षांचा मुलगा आणि पंचावन्न वर्षांचा शेतकरी शेजारी बसतात. कोणी पदवीधर असतो, कोणाला स्वतःचे नाव लिहिता येत नाही. कोणी मराठी बोलतो, कोणी हिंदी, कोणी गोंडी किंवा छत्तीसगढी. कोणाला रात्रभर झोप लागलेली नसते, कोणी व्यसनाच्या पकडीतून नुकताच बाहेर पडत असतो, आणि कोणाची पत्नी गेल्या तीन मुलाखतींना, म्हणजे कारागृहातील भेटींना, आलेली नसते. यांतल्या अनेकांनी शाळा मार खाऊन किंवा अपमान होऊन सोडलेली असते. त्यांच्यापुढे फळा आणि खडू आले की जुनी भीती परत येते, आणि ती बहुधा उद्धटपणाच्या रूपात दिसते. ज्याला हे ठाऊक नाही तो निदेशक पहिल्याच आठवड्यात म्हणतो, की या लोकांना शिकायचेच नाही.

म्हणून तयारीचा पहिला भाग प्रौढांना शिकवण्याचा असावा. प्रौढ माणसाला मुलासारखे वागवले की तो उठून जातो, आणि कारागृहात त्याला उठून जाता येत नाही, म्हणून तो मनाने निघून जातो. त्याला आधीपासून जे येते तेथून सुरुवात करावी लागते. गवंड्याच्या हाताखाली काम केलेल्या माणसाला ओळंबा आणि गुण्या माहीत असतात. त्याला सुतारकामातील काटकोन वहीत शिकवण्याची गरज नाही. चुकीबद्दल चारचौघांत बोलू नये, हे तर प्रत्येक ठिकाणी खरे आहे, परंतु जेथे माणसाजवळ मानाशिवाय फारसे काही उरलेले नाही तेथे त्याचे मोल कितीतरी जास्त असते.

दुसरा भाग मर्यादांचा. निदेशकाने आपुलकीने वागावे, पण निरोप, चिठ्ठी, फोन नंबर, तंबाखू यांपैकी काहीही आत-बाहेर नेऊ नये. पहिली मागणी नेहमी क्षुल्लक आणि केविलवाणी असते : आई आजारी आहे, फक्त एवढे कळवा. ती मान्य केली की दुसरी नाकारता येत नाही, कारण आता नियमभंगाची गोष्ट समोरच्याच्या हाती असते. निषिद्ध वस्तू आत नेणे किंवा त्यासाठी मदत करणे हा १८९४ च्या अधिनियमाच्या कलम ४२ नुसार शिक्षेस पात्र गुन्हा आहे. निदेशकाला नुसते ‘करू नका’ सांगणे पुरत नाही. अशी विनंती आली तर कोणत्या शब्दांत नकार द्यायचा आणि ती अडचण रीतसर कोणाकडे पोहोचवायची, याचा प्रत्यक्ष सराव त्याच्याकडून करून घ्यायला हवा. आईच्या आजाराचा निरोप कारागृहातील कल्याण अधिकाऱ्यामार्फत जाऊ शकतो. ही वाट माहीत असलेला निदेशक कठोर न होता ठाम राहतो.

तिसरा भाग अवजारांचा. पटाशी, करवत, कात्री, स्क्रू-ड्रायव्हर या वस्तू कार्यशाळेत अवजारे असतात आणि बराकीत शस्त्रे ठरतात. प्रत्येक अवजाराला क्रमांक, भिंतीवरील फळीवर त्याच्या आकाराची रंगवलेली जागा, घेताना आणि ठेवताना सही, आणि वर्ग सुटण्यापूर्वी सर्वांसमोर गणती, ही पद्धत अंगवळणी पडली की संशयाचे वातावरण निवळते. गणती हा अपमान नसून कामाचाच भाग आहे, हे निदेशकाने स्वतःच्या अवजारांची गणती पहिल्यांदा करून दाखवावे. बाहेरच्या चांगल्या कारखान्यातही अवजारांची अशीच मोजदाद असते, म्हणजे ही शिस्त पुढे उपयोगी पडते.

चौथी गोष्ट थोडक्यात सांगता येते : गुन्हा विचारू नये. निदेशकाला सुरक्षिततेसाठी जे माहीत असणे आवश्यक आहे ते कार्यालय सांगते. बाकीचे कुतूहल वर्गाबाहेर ठेवावे.

ही तयारी कोठे आणि किती काळ व्हावी?

महाराष्ट्रातील कारागृह अधिकारी आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी पुण्यात येरवड्याला दौलतराव जाधव तुरुंग अधिकारी प्रशिक्षण महाविद्यालय आहे, आणि दक्षिणेकडील राज्यांसाठी वेल्लोर येथे १९७९ पासून कारागृह व सुधार प्रशासन अकादमी चालते. नॉर्वेत साधा कारागृह अधिकारी होण्यासाठीही दोन वर्षांचे पगारी शिक्षण घ्यावे लागते, हे येथे मुद्दाम नोंदवतो. आपल्याकडे तेवढा काळ उद्याच देता येणार नाही. परंतु कामावर रुजू होण्यापूर्वी आणि नंतर सेवेत असतानाही प्रशिक्षण मिळावे, ही मंडेला नियमांच्या नियम ७५ मधील अपेक्षा तांत्रिक निदेशकांनाही लागू पडते, केवळ गणवेशातील कर्मचाऱ्यांना नव्हे.

नागपूरपुरते बोलायचे तर श्रद्धानंद पेठेतील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि मध्यवर्ती कारागृह यांच्यात फार अंतर नाही. कारागृहातील निदेशकाने दरवर्षी काही आठवडे तेथे जाऊन नवी यंत्रे हाताळावीत आणि तेथील शिल्पनिदेशकाने काही आठवडे कारागृहात येऊन शिकवावे, अशी अदलाबदल झाली तर नवी इमारत न बांधता दोघांचीही तयारी होईल. पंधरा वर्षे भिंतीआड एकाच यंत्रावर शिकवणारा निदेशक बाजाराच्या मागे पडतो. त्यात त्याचा दोष नसतो.

पहाऱ्यावरील रक्षकांना यात कशाला ओढायचे?

कारण वर्ग भरतो की नाही हे प्रत्यक्षात त्यांच्या हाती असते. बंद्याला बराकीतून वेळेवर आणणे, झडतीत त्याची वही फाटू न देणे, ‘आता शिकून कलेक्टर होणार का’ असे न बोलणे, या बाबी कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेल्या नसतात. अपुऱ्या मनुष्यबळात दुहेरी पाळी करणाऱ्या शिपायाला प्रशिक्षण म्हणजे आणखी एक कटकट वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून त्याला वर्गाचा हेतू समजावून सांगावा आणि प्रमाणपत्र वाटपाच्या कार्यक्रमात त्याचेही नाव घ्यावे. काम असलेल्या बराकीत भांडणे कमी होतात, हे जुने हवालदार स्वतःच सांगतात. त्यांच्याकडूनच नव्यांना ते ऐकू द्यावे.

कुशल बंद्यानेच इतरांना शिकवले तर चालेल का?

चालेल, आणि अनेकदा उत्तम चालते, कारण शिकणाऱ्याची भाषा त्याला ठाऊक असते. दोन अटी मात्र पाळाव्या लागतात. शिकवणाऱ्या बंद्याच्या हाती हजेरी, गुण किंवा शिक्षा यांचा अधिकार नसावा, अन्यथा वर्गात खंडणीची वाट उघडते. आणि त्याच्या कौशल्याची रीतसर परीक्षा होऊन त्यालाही प्रमाणपत्र मिळावे. आधी मिळवलेल्या कौशल्याला मान्यता देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. तीस वर्षे गवंडीकाम केलेल्या माणसाला पुन्हा पहिलीपासून शिकवण्यापेक्षा त्याची चाचणी घेऊन कागद हाती देणे शहाणपणाचे आहे.

कामाचे वाटप कसे व्हावे?

आवड, क्षमता, परतण्याचे ठिकाण आणि शिक्षेचा उरलेला काळ पाहून. जात पाहून कधीही नव्हे. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांतील जातीवर आधारित कामाची विभागणी घटनाबाह्य ठरवली आणि बंद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचे निर्देश दिले. निदेशकांच्या प्रशिक्षणात हा निकाल शिकवलाच पाहिजे, कारण जात लिहून विचारली जात नसली तरी आडनावावरून अंदाज बांधून झाडू एकाच्या आणि स्वयंपाक दुसऱ्याच्या हाती देण्याची सवय एका निकालाने जात नाही. दीक्षाभूमीच्या शहरात तरी याबाबत ढिलाई नसावी.

महिला बंद्यांना शिवणकामच का शिकवले जाते?

सवयीने. शिवणकाम वाईट नाही, परंतु प्रत्येक स्त्रीला तेच शिकवले की बाजारात एकाच कामाची गर्दी होते. बेकरी, मोबाइल दुरुस्ती, संगणकावरील नोंदी, रुग्णसेविकेचे साहाय्यक काम यांचा विचार व्हावा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या आर. डी. उपाध्याय प्रकरणातील निकालानुसार सहा वर्षांपर्यंतचे मूल आईसोबत राहू शकते, त्यामुळे वर्गाच्या वेळेत पाळणाघर चालणे ही प्रशिक्षणाचीच गरज ठरते. महिला विभाग लहान असल्याने यंत्रे आणि निदेशक पुरुषांच्या बाजूला राहतात. हे टाळायचे तर फिरते निदेशक हवेत.

लिहिता-वाचता न येणाऱ्याला व्यवसाय शिकता येतो का?

निश्चित येतो. मात्र इंची पट्टी, मापे, बिल आणि विजेच्या धोक्याची सूचना वाचण्यापुरते अक्षरज्ञान त्या व्यवसायाच्या आतच मिसळून द्यावे. आधी सहा महिने साक्षरता आणि मग काम, असा क्रम ठेवला तर बहुतेक जण पहिल्याच टप्प्यात गळतात.

प्रमाणपत्रावर कारागृहाचे नाव असते का?

ते नसावे, असा आग्रह धरावा. प्रमाणपत्र परीक्षा घेणाऱ्या मान्यताप्राप्त मंडळाचे किंवा संस्थेचे असावे, आणि प्रशिक्षणाच्या ठिकाणाचा उल्लेख त्यावर नसावा. अन्यथा मिळालेला कागद दाखवण्यापेक्षा लपवणे सोपे वाटते. कौशल्याचा दर्जा कोठेही शिकले तरी सारखाच तपासला जात असेल, तर ठिकाण लिहिण्याचे कारण उरत नाही. नावातील चूक हा दुसरा, वरवर किरकोळ वाटणारा अडथळा आहे. वॉरंटवरील नाव, आधारवरील नाव आणि शाळेच्या दाखल्यावरील नाव यांत फरक असतो, आणि तो सुटकेनंतर निस्तरता निस्तरत नाही. प्रवेशाच्या दिवशीच तिन्ही कागद ताडून पाहावेत.

प्रशिक्षणाच्या काळात वेतन मिळते का?

कामाचे वेतन कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा श्रेणींनुसार दिले जाते. गुजरात राज्यासंबंधीच्या १९९८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बंद्यांना न्याय्य वेतन द्यावे, असे सांगतानाच त्या वेतनातील काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी बाजूला काढण्याचा कायदा राज्यांनी करावा, असेही सुचवले. शिकण्याच्या काळात वेतन पूर्ण थांबले, तर ज्याच्या घरी दरमहा काही रुपये जातात तो बंदी शिकण्याऐवजी कामच निवडेल. त्यामुळे प्रशिक्षणाचे तास कामाचे तास म्हणून धरणे हाच योग्य उपाय आहे.

पीडितांना सोडून यांच्यावर पैसा का खर्च करायचा?

ज्यांच्या घरी गुन्हा घडला आहे त्यांनी हा प्रश्न विचारला तर तो पूर्ण आदराने ऐकला पाहिजे. पीडितांना भरपाई आणि आधार मिळालाच पाहिजे, आणि ते प्रशिक्षणावर अवलंबून ठेवू नये. त्याच वेळी हेही खरे आहे की, जन्मठेपेच्या बंद्यांसह बहुतेक बंदी एक दिवस बाहेर येतात आणि आपल्याच वस्त्यांत राहतात. ते हाताला काम घेऊन येतात की रिकाम्या हाताने, याचा परिणाम पुढच्या संभाव्य पीडितावर होतो.

प्रशिक्षणाने पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण खरोखर कमी होते का?

अमेरिकेतील रँड संस्थेने २०१३ मध्ये तेथील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. कारागृहात शिक्षण घेतलेल्यांचे पुन्हा कारागृहात येण्याचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे १३ टक्के-अंशांनी कमी आढळले, आणि व्यवसाय प्रशिक्षण घेतलेल्यांना नोकरी मिळण्याची शक्यता न घेतलेल्यांपेक्षा २८ टक्क्यांनी जास्त दिसली. हे आकडे तेथील आहेत. ते उचलून विदर्भाला लावू नयेत. शिवाय जो स्वतःहून वर्गात येतो त्याचे मन मुळातच बदलाकडे झुकलेले असू शकते. आपल्याकडे सुटकेनंतर सहा महिन्यांनी आणि दोन वर्षांनी माणूस काय करतो याची नोंद प्रत्येक कारागृहाने ठेवली, तर निदेशकालाही आपले शिकवणे कुठे कमी पडले ते कळेल. वर्गातून किती प्रमाणपत्रे वाटली यावरून ते कळत नाही.

सुटल्यावर भांडवल कोठून आणायचे?

महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ रोजी येरवडा कारागृहात ‘जिव्हाळा’ ही कर्ज योजना सुरू केली. बंद्याच्या कारागृहातील कमाईच्या आधारे ७ टक्के व्याजाने ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज देण्याची तिची कल्पना महत्त्वाची आहे, कारण कुटुंबाच्या गरजेसाठी सावकाराकडे जाण्याची वेळ त्यामुळे टळू शकते. सुतार, लोहार, गवंडी, शिंपी अशा १८ पारंपरिक व्यवसायांसाठी केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ पासून आहे. तिच्यात अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि सवलतीच्या व्याजाचे कर्ज यांची तरतूद आहे. महिला व बाल विकास विभागाच्या जिल्हा परिवीक्षा अधिकाऱ्याकडे पुनर्वसनाविषयी चौकशी करावी. बँक खाते, आधार आणि मोबाइल क्रमांक हे सुटकेआधीच जोडलेले असले, तर यातले निम्मे काम झालेले असते.

नातेवाईक काय करू शकतात?

मुलाखतीला जाताना जुने दाखले आणि आधारची प्रत कार्यालयात रीतसर द्यावी. संचित रजेवर (फर्लो) किंवा अभिवचन रजेवर (पॅरोल) माणूस घरी आला, तर त्या दिवसांत तो ज्या कामाचे प्रशिक्षण घेतो आहे त्या कामाच्या एखाद्या ओळखीच्या कारागिराशी त्याची भेट घालून द्यावी. शिकत असलेल्या कामाविषयी विचारावे. नुसते ‘कधी सुटणार’ एवढेच विचारत राहू नये.

माझी हिंगण्याला छोटी फॅब्रिकेशनची शेड आहे. मी कारागृहातून सुटलेल्या माणसाला कामावर घ्यावे का, आणि कसे?

घ्यावे, आणि इतर कोणत्याही वेल्डरला घेताना जे तपासाल तेच तपासावे : एक सांधा जोडून दाखवायला सांगावे. पहिल्या तीन महिन्यांचे वेतन इतरांइतकेच ठेवावे, कारण नाइलाजाचा फायदा घेऊन कमी दिले तर तो माणूस टिकणार नाही. न्यायालयाच्या तारखा किंवा पोलीस ठाण्यातील हजेरी असेल तर ती आधी विचारून घ्यावी आणि त्या दिवसांची रजा आधीच ठरवावी. त्याच्या पूर्वीच्या शिक्षेची माहिती शेडमधील इतर कामगारांना सांगण्याची गरज नाही. ती सांगायची की नाही हे त्याच्यावर सोडावे. शक्य असेल तर कारागृहातील निदेशकाला कामाच्या ठिकाणी एकदा बोलवावे आणि तुमच्या शेडमध्ये कोणते यंत्र, कोणते रॉड आणि कोणत्या जाडीचा पत्रा वापरला जातो ते दाखवावे. पुढच्या तुकडीला तो तेच शिकवू शकेल.